6 शेळ्या गाभडल्या, ब्रुसेला निगेटिव्ह. क्लॅमिडियासाठी रक्त पाठवू का?

40 शेळ्यांपैकी 6 शेळ्या दिवस भरत आल्यावर गाभडल्या, ब्रुसेला या गर्भ पाडणाऱ्या जंतूची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, आता तसाच दुसरा जंतू क्लॅमिडिया, त्याच्यासाठीही रक्तच पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. मी जनावरांचा डॉक्टर. माझा उलट प्रश्न: वार, म्हणजे करडामागून पडणारी झार, कुठे गेली?

पुरली असणार, नाहीतर कुत्र्यांनी ओढून नेली असणार. आणि नेमकं तिच्यातच उत्तर होतं. क्लॅमिडिया अबॉर्टस हा जंतू वारेत वाढतो. व्यायला दोन-तीन आठवडे उरले की शेळी गाभडते. तोवर ती ठणठणीत दिसते, पडलेलं करडूही बहुधा ताजं, सडलेलं नसतं. वार मात्र जाड, चामड्यासारखी. तिच्यावरच्या गाठी काळपट लाल आणि गाठींच्या मधे मळकट तांबूस चिकटा. यावरून संशय घ्यावा, निदान करू नये.

पुढची गाभडली तर हातमोजे घालून गाठींसकट वारेचा तुकडा घट्ट झाकणाच्या डबीत, बर्फावर ठेवून तालुक्याच्या दवाखान्यात द्या. वार हाती लागली नाही तर त्याच दिवशी योनीमार्गातला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना. स्लाइड रंगवली की निळ्यावर लाल ठिपक्यांचे पुंजके दिसतात. पण ब्रुसेला आणि क्यू फीव्हरचे जंतूही त्या रंगात लालच दिसतात, म्हणून पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणारी तपासणी, मागाच. क्लॅमिडिया पेशींच्या आतच वाढतो, प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या साध्या माध्यमावर उगवत नाही. तेव्हा 'कल्चरमध्ये काही आलं नाही' या शेऱ्याने निर्धास्त होऊ नका.

रक्तच द्यायचं तर दोनदा द्या, तीनेक आठवड्यांच्या अंतराने. जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं चढली का ते पाहायचं असतं. तरी घोळ होतोच, कारण निरोगी शेळीच्या आतड्यातही क्लॅमिडिया पेकोरम हा त्याचा भाऊबंद जंतू असू शकतो आणि काही चाचण्यांना दोघांतला फरक कळत नाही. तुमची ब्रुसेला तपासणीही पुन्हा करा. गाभडल्याबरोबर काढलेलं रक्त कधीकधी फसवतं.

गाभडलेल्या शेळ्या घाईने बाजारात नेऊ नका, रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल. क्लॅमिडियाच असेल तर त्या सहसा पुन्हा गाभडत नाहीत. आत्ता लागण झालेल्या पुढच्या वेताला गाभडतात.

घरात कुणी गरोदर असेल तर निदान होईपर्यंत तिला गोठ्यात पाठवू नका, करडंही हाताळू देऊ नका. हा जंतू माणसाला लागतो आणि तिचाही गर्भ जाऊ शकतो.