तुर्कस्तानात सुधारणा टिकल्या, मग अफगाणिस्तानात का नाही?

आपण विचारलं आहे की नवे कायदे आणि रीती रुजवणं केमाल पाशाला (अतातुर्कला) तुर्कस्तानात जमलं, ते राजा अमानुल्लाला अफगाणिस्तानात का जमलं नाही, आणि "अफगाण जास्त कट्टर" एवढं उत्तर पुरेसं आहे का. माझ्या मते अजिबात नाही. या उत्तरामुळे राज्यकर्त्यांच्या चुका झाकल्या जातात.

दोघं एकाच काळातले, दोघांनाही लोक 'गाझी' म्हणजे धर्मासाठी लढणारा वीर म्हणत. अमानुल्लाने १९१९ मध्ये इंग्रजांशी लढून पूर्ण स्वातंत्र्य मिळवलं, केमालने १९२२ मध्ये ग्रीक सैन्य हुसकावलं. लोकांत वजन दोघांचंही होतं. फरक पडला तो हाताखालच्या यंत्रणेत. तुर्कस्तानच्या आधीच्या उस्मानी राज्यात १८३९ पासून 'तंझिमात' नावाच्या, कारभार नव्याने बांधणाऱ्या सुधारणा चालू होत्या. लष्करी शाळा, नवी न्यायालयं, तारखातं, प्रांतोप्रांती अंमलदार हे सगळं आधीच उभं होतं. केमाल त्याच लष्करी शाळांतून वर आलेला. १९२५ मध्ये शेख सईद या कुर्दी धर्मगुरूचं बंड झालं, तेव्हा मोडून काढायला फौज तयार होती.

अमानुल्लाची सत्ता काबूलबाहेर विरळ होत जायची. खेड्यातल्या माणसाच्या दारी सुधारणा आल्या त्या रोख कर, सक्तीची लष्करभरती आणि लाचखाऊ अंमलदार घेऊन. निकाह लावणं, तंटे मिटवणं, पोरांना शिकवणं ही कामं मुल्लाची. त्याचा अधिकार कापायचा तर ती कामं करणारं दुसरं कोणी हवं ना? ते नव्हतं. १९२४ मध्ये खोस्तचा उठाव झाला आणि काही कायदे मागे घ्यावे लागले. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण १९२८ मध्ये युरोप दौऱ्यावरून परतल्यावर त्याने काबूलजवळ पगमानला लोया जिरगा (टोळीप्रमुखांची मोठी सभा) भरवली आणि जन्मभर पागोटं बांधलेल्या टोळीप्रमुखांना कोट, पँट, हॅट चढवून बसवलं. ज्यांच्या जोरावर राज्य चालायचं, त्यांचाच हा चारचौघांत अपमान! नोव्हेंबरात शिनवारी टोळ्या उठल्या, जानेवारी १९२९ मध्ये हबीबुल्ला कलकानी या बंडखोराने काबूल घेतलं. अमानुल्ला मुंबईमार्गे इटलीला गेला. त्याच वर्षी मुंबईत जन्मलेल्या त्याच्या मुलीचं नाव 'इंडिया' ठेवलं गेलं.

आता १९५९ बघा. देश तोच, मुल्ला तेच. पंतप्रधान दाऊद खानने बुरख्याविरुद्ध फर्मान काढलं नाही. स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात राजघराण्यातल्या आणि मंत्र्यांच्या बायका उघड्या चेहऱ्याने येऊन बसल्या, एवढंच. विरोध झाला, कंदाहारात दंगल उसळली, पण या वेळी सोव्हिएत शस्त्रांनी सज्ज फौज होती. सरकार पडलं नाही, आणि काबूलमधल्या बायका शिकू लागल्या, नोकऱ्या करू लागल्या. खेडी मात्र तेव्हाही लांबच राहिली, आणि पुढचा घात तिथूनच झाला असं मला वाटतं.

तुर्कस्तानातही सगळं टिकलं असं नाही. जुन्या टोपीऐवजी हॅट घालायच्या सक्तीपायी तिथे माणसं फासावर गेली, ते मला कधीच समर्थनीय वाटलेलं नाही. १९५० मध्ये मतपेटीतून सत्ता बदलली आणि महिन्याभरातच तुर्की भाषेतल्या अजानची सक्ती गेली, अरबी अजान परत आली. पण १९२६ च्या, स्वित्झर्लंडवरून घेतलेल्या दिवाणी कायद्याचा गाभा कोणी काढला नाही; २००२ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला तेव्हाही तो टिकला. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा आणि वारशाचा समान हक्क आजही तिथे कायद्यात आहे.