ट्रिपवरचा ड्रायव्हर, तुटलेला पाय आणि आलेली नोटीस: "तो आमचा माणूसच नव्हता" असं लिहून देऊ नका

दादा, तुमचं सगळं नीट वाचलं. सोलापूरच्या सहा गाड्या, ऑगस्ट 2025 मध्ये चित्रदुर्गच्या पुढे तुमचा दहा टायरी ट्रक उभ्या ट्रेलरला मागून धडकला, चाळीस वर्षांच्या ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला, आणि आता लातूरहून त्याच्या वकिलाची भरपाईची नोटीस आलीय. तुमचे वकील म्हणतायत की माणूस पगारावर नाही, ट्रिपच्या हिशोबाने होता, अपॉइंटमेंट लेटर नाही, तेव्हा तो आपला कामगार नव्हता असं उत्तर देऊन टाकू. बाकीच्या प्रश्नांवर येतो, पण आधी हे उत्तर थांबवा, आजच फोन करून थांबवा.

एक तर ते टिकणार नाही. अपघात ऑगस्टचा, म्हणजे नवे कामगार कायदे (लेबर कोड) लागू होण्याआधीचा आहे, तेव्हा जुना 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागणार, आणि त्यात गाडी चालवण्याशी, दुरुस्तीशी संबंधित कामावरचा माणूस थेट परिशिष्टात बसतो. कॅज्युअल कामगाराबद्दल जी काही सूट होती ती 2000 च्या दुरुस्तीत काढून टाकली, त्यामुळे महिन्यावर ठेवलाय का ट्रिपवर याने फरक पडत नाही. लेटर नसेल तरी बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, त्याचं नाव आहे, एफआयआरमध्ये तुमच्या गाडीचा चालक म्हणून नाव आहे, खर्ची, म्हणजे ट्रिपच्या खर्चाचे पैसे, तुम्ही त्याच्या मोबाईलवर पाठवलेली आहे, त्याच्या वकिलाला एवढं भरपूर झालं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते बरेच मालक बघतच नाहीत. पॉलिसीच्या ज्या पानावर प्रीमियमचा तक्ता असतो तिथे खाली एक छोटी ओळ असते, लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर, कुठे कुठे आयएमटी 28 असा त्या अटीचा नंबर लिहिलेला, समोर माणशी 50 रुपये. तुमच्या ड्रायव्हरची भरपाई विमा कंपनीने द्यावी याचा आधार ही ओळ आहे, आणि ती "पेड ड्रायव्हर"साठी आहे. तुम्हीच कोर्टात लिहून दिलंत की तो माझा पगारी माणूस नाही, तर कंपनीचा वकील दुसरं काही करणार नाही, तुमचाच जबाब पुढे करेल आणि म्हणेल की मालकच सांगतोय नोकर नव्हता मग आमचा संबंध काय. म्हणजे ड्रायव्हरला हरवायला गेलात आणि स्वतःचं विम्याचं कवच काढून दिलंत. त्याच तक्त्यात ओनर ड्रायव्हर पीए (वैयक्तिक अपघात विमा) 15 लाख असंही दिसेल, ते बघून निवांत राहू नका, ते स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकासाठी असतं, पगारी ड्रायव्हरला त्यातला रुपया मिळत नाही.

आता रक्कम, कारण तुम्ही तीन लाखात मिटेल का विचारलंय. पगार कितीही असो, हिशोबाला महिना 15,000 च्या वर धरत नाहीत, ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाचा फॅक्टर, चाळिशीला तो 184.17 आहे, झाले 16,57,530. तुम्ही म्हणाल एक पाय गेला म्हणजे पूर्ण अपंगत्व कसं, परिशिष्टात तर टक्के कमी आहेत. पण टॅंकर ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेलेला असताना हायकोर्टाने टक्केवारी 65 वर आणली होती आणि सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये के. जनार्दन केसमध्ये ती परत 100 केली, कारण एका पायाने तो माणूस ट्रक चालवू शकत नाही आणि त्याला येणारं काम तेच होतं. तुमची केस जवळजवळ हीच आहे. शिवाय हॉस्पिटलचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, आणि पैसे वेळेत दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, म्हणजे वर्षाला दोन लाखाच्या आसपास.

आणि कारण नसताना टाळाटाळ केली असं दिसलं तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड लागतो, इथे तो आठ लाखाच्या वर जाऊ शकतो. 1997 च्या वेदप्रकाश गर्ग निकालापासून हे स्पष्ट आहे की भरपाई आणि व्याज विमा कंपनी देईल पण दंड मालकाच्या खिशातून जाईल. खोटा नकार दिल्याची खरी किंमत ही आहे.

चूक त्याची होती, उभ्या गाडीला ठोकलं, हा मुद्दा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालला असता. इथे, भरपाई कायद्यात, चूक कोणाची हा प्रश्न येत नाही, काम करताना लागलं एवढं पुरे. दोन्हीकडे मागता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या 167 कलमाने एकच दार निवडावं लागतं आणि त्याने हे निवडलंय असं दिसतंय. लातूरला केस कशी, तर कामगार जिथे राहतो तिथे अर्ज करू शकतो, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

तीन लाखाचा स्टॅम्प पेपर तर अजिबात नको. गावात पंच बसवून, फोटो काढून, "यापुढे काही मागणार नाही" असं लिहून घेतलेले कागद मी खूप बघितलेत, आणि भरपाई कायद्याच्या 17 कलमाने हक्क सोडून देणारा असा करार रद्दच ठरतो. तडजोड करायची असेल तर भरपाई कायद्याखालच्या आयुक्तांसमोर रीतसर नोंदवा, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम लेबर कोर्टातच चालतं. मृत्यूच्या केसमध्ये तर रक्कम तिथेच जमा करावी लागते, घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली भरपाई म्हणून धरत नाहीत, हे इतर मालकांनीही लक्षात ठेवा.

ड्रायव्हरचं लायसन आज तपासा, विमा कंपनी त्यावरही बोट ठेवू शकते. दहा टायरीला हेवी ट्रान्सपोर्ट लागतं आणि अपघाताच्या तारखेला ते चालू असायला हवं. नोव्हेंबर 2024 चा सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा निकाल, एलएमव्हीवर (हलक्या गाडीच्या लायसनवर) ट्रान्सपोर्ट गाडी चालते म्हणून जो फिरतोय, तो 7,500 किलोपर्यंतच्या गाड्यांचा आहे, तुम्हाला उपयोगाचा नाही. परिवहनच्या साईटवरून प्रिंट काढून फाईलला लावा. गाडीत माल जास्त होता का तेही काट्याच्या पावतीवर बघा, दहा टायरीला 28.5 टनाची मर्यादा आहे आणि ओव्हरलोडचा दंड 20,000 अधिक जादा टनाला 2,000 वेगळा बसतो, पण त्यामुळे ड्रायव्हरचा हक्क जात नाही.

तर आता करायचं काय, विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या, नोटिशीची कॉपी जोडा. नोटिशीला उत्तर द्या की तो आमचा पगारी ड्रायव्हर होता, ड्युटीवर होता, अमुक नंबरची पॉलिसी चालू आहे, कंपनीला कळवलंय. टक्केवारीवर वाद असेल तर जेवढं मान्य आहे तेवढी रक्कम तरी लगेच जमा करायला कायदा सांगतो, दंड टाळायचा तो सगळ्यात सरळ मार्ग आहे. आणि हॉस्पिटलची बिलं भरा हो. तुमचाच माल पोचवताना त्याचा पाय गेलाय, घरी कमावणारा तो एकटा आहे असं तुम्हीच लिहिलंय, त्याला वर्षभर तारखांना फिरवून तुम्हाला काय मिळणार.

उरलेल्या गाड्यांसाठी एक काम याच आठवड्यात करा. ट्रिपच्या वहीत आपण डिझेल, टोल, भत्ता, उचल, पगार सगळं एका आकड्यात "खर्ची" म्हणून लिहितो आणि खाली सही घेतो, त्यातून पगार किती हे नंतर देवालाही कळत नाही. पगार वेगळा, बॅंकेतून, महिन्याच्या महिन्याला. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही लेबर कोड लागू झालेत आणि त्यात नेमणूक पत्र द्यायला सांगितलंय, तेव्हा ड्रायव्हर, क्लीनर, दिवाणजी सगळ्यांना एक पानी का होईना पण पत्र द्या. ड्रायव्हर, क्लीनर धरून तुमची माणसं दहा किंवा जास्त होत असतील तर ईएसआयचंही (कामगार राज्य विमा) विचारून घ्या.

पॉलिसीच्या त्या प्रीमियमच्या पानाचा फोटो नाव आणि नंबर झाकून इथे टाका, पेड ड्रायव्हरची ओळ आहे का आणि किती माणसांची आहे ते बघून पुढचं सांगतो.