पायाच्या जखमेवरचं संशोधन आणि घरची माणसं

प्रश्न : मला मधुमेह आहे. पायाची जखम भरायला सात महिने लागले. आता एका संशोधनात ‘रुग्ण-सल्लागार’ व्हाल का, अशी विचारणा झाली आहे. माझ्यावर औषधाची चाचणी करणार का?

नाही. चाचणीत भाग घेणाऱ्यावर उपचार होतात आणि त्याच्या नोंदी ठेवल्या जातात. सल्लागार चाचणी आखणाऱ्यांच्या शेजारी बसतो. कोणता प्रश्न घ्यावा, माहितीपत्रक समजतं का, दर आठवड्याची फेरी झेपेल का, हे तो सांगतो. एक भूमिका घेतली म्हणून दुसरी गळ्यात पडत नाही. तरी कशावर सही मागितली, तर ती नेमकी कशासाठी, हे विचाराच.

प्रश्न : मी ड्रेसिंग करणारी परिचारिका आहे. आमच्या अभ्यासगटात रुग्णांना घ्यावं, असं मला वाटतं. सहकारी म्हणतात, त्यांना संशोधनातलं काय कळणार?

संख्याशास्त्र कदाचित कळणार नाही, पण ते तुमच्या गटाकडे आहेच. दवाखान्यातून घरी गेल्यावर त्या पायाचं काय होतं, ही माहिती मात्र तुमच्यापैकी कोणाकडेच नाही.

2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तळपायाला जखम असलेल्यांची हालचाल यंत्राने मोजली होती. जखमेवरचा भार कमी करणारा, काढता-घालता येणारा बूट त्यांना दिला होता. दिवसभरातल्या हालचालीपैकी जेमतेम 28 टक्के हालचाल तो बूट घालून झाली होती! संशोधक इथे ‘सूचना पाळल्या नाहीत’ असं लिहून मोकळा होईल. रुग्णाला विचारा. बूट जड आहे, एक पाय उंच होऊन कंबर धरते, रात्री लघवीला उठताना पट्टे कोण बांधणार? शिवाय नसा बधिर झाल्याने जखम दुखतच नाही, मग बुटाची आठवण तरी कोण करून देणार? हे ऐकल्यावर अभ्यासाचा प्रश्नच बदलतो. माणसाला शिस्त कशी लावायची हा विषय मागे पडून, घरात वापरता येईल असा बूट कसा असावा, हा विषय पुढे येतो.

दुसरं, जखम किती आठवड्यांत भरली यावर आपण उपचाराचं यश मोजतो. पण भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. ज्याने हे भोगलंय, त्याला ‘पुन्हा होऊ नये म्हणून काय?’ याचं उत्तर हवं असतं.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी बोलवा. सगळं ठरल्यावर पत्रक तपासायला बोलावणं मला अपमानास्पद वाटतं. वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांचा हेलसिंकी जाहीरनामाही 2024च्या सुधारणेत सांगतो की सहभागी आणि त्यांच्या समाजाशी संवाद संशोधनाच्या आधी, चालू असताना आणि नंतरही व्हावा.

प्रश्न : वडिलांचं ड्रेसिंग मी करते. पण दुखणं त्यांचं आहे, मी संशोधकांना काय सांगणार?

वडिलांची नजर मधुमेहाने अधू झाली असेल किंवा त्यांना वाकता येत नसेल, तर त्यांचा तळपाय रोज पाहणाऱ्या तुम्हीच आहात. लाली, वास, मोज्यावरचा डाग आधी तुम्हाला दिसतो. रजा किती पडल्या, झोप किती मोडली, ‘पाय काढावा लागेल का’ ही भीती कोणापुढे बोलता आली नाही, हेही सांगा. उपचाराचा हा भार सहसा कोणत्याच तक्त्यात येत नाही. मात्र तुमचं म्हणणं वेगळ्या बैठकीत मांडायची सोय मागा. वडिलांसमोर तुम्ही थकल्याचं सांगणार नाही आणि तुमच्यासमोर ते बूट काढून ठेवल्याचं कबूल करणार नाहीत.

प्रश्न : पायावर भार द्यायला मनाई आहे. बैठकीला कशी जाऊ?

जाऊ नका. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोला. जखम असलेल्या माणसाला जिने चढायला लावणाऱ्या गटाने आधी स्वतःची आखणी सुधारावी. प्रवासखर्च आणि वेळेचा मोबदला मागण्यात संकोच नको.

प्रश्न : गेल्या वेळी तासभर बोललो, पुढे काहीच कळलं नाही. पुन्हा जावं का?

जायच्या आधी एकच विचारा : माझ्या बोलण्यामुळे काय बदललं, हे मला कोण आणि कधी कळवणार? सूचना मान्य झाली नाही तरी चालेल, पण कारण लेखी मिळायला हवं. यावर नाव आणि तारीख मिळाली, तर जरूर जा.