धरण भरलं, मग पाणी गेलं कुठं?

प्रश्न : नमस्कार साहेब, आमचं रान रायबाग तालुक्यात, घटप्रभेच्या डाव्या कॅनॉलच्या टेलला, म्हणजे शेवटाला. पावसाळ्यात घटप्रभेवरचं हिडकल धरण फुल्ल झालं, 51 टीएमसी (1 टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), पेपरात फोटो पण आला. आणि मार्चला ऊस वाळायला लागला तर कॅनॉल कोरडा. एवढं पाणी कुठं जातंय ओ, कोण खातंय?

उत्तर : खाणारे आहेत की, पण आधी हिशोब बघू. 51 मधलं तळाचं पाणी कॅनॉलला येतच नाही, वरून ऊन खातंय, बेळगाव शहराला प्यायला त्यातूनच जातं आणि उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांसाठी राखून ठेवावं लागतं ते वेगळंच. उरलं ते शेतीला, आणि शेती म्हणजे आपल्याकडं ऊस. एक एकरावर वर्षभरात कॅनॉलचं नुसतं एक मीटर पाणी धरा, पाऊस सोडून, तरी 40 लाख लिटर झालं. म्हणजे 1 टीएमसीत 7 हजार एकर, ते पण वाटेत थेंब न गळता, आणि आपले कॅनॉल कसे गळतात ते टेलवाल्याला मी काय सांगणार! वरच्या बाजूला पाळी नसताना मोटारी चालू असतात ते बघून पण न बघितल्यासारखं करतात सगळे, माझ्या मते खरी चोरी तिथंच आहे.

आता दुसरी गोष्ट, साठा आणि वापर यात लोक लई गोंधळ घालतात. घटप्रभा कृष्णेलाच मिळते, आणि कृष्णेच्या पाण्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असं धरतात. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून द्यायला नेमलेल्या बच्छावत लवादानं 1973 ला 75 टक्के भरवशाचं, म्हणजे चारातल्या तीन वर्षी तरी मिळेल असं, 2060 टीएमसी पाणी धरलं आणि त्यातलं कर्नाटकाला 700, महाराष्ट्राला 560 दिलं. त्या हिशोबात धरणात नुसतं साठवलेलं पाणी वापर म्हणून धरत नाहीत, त्यातलं बाष्पीभवन मात्र धरतात. शेतीला कॅनॉलमध्ये घेतलेलं सगळं वापरात, पण गावाला प्यायला उचललेल्यातलं 20 टक्केच, कारण बाकीचं गटारातून फिरून नदीलाच येतं असं गृहीत आहे (नदीचा रंग बघितला की पटतंय!). आणि जुलैत धरण भरत असताना कॅनॉल चालू असेल तर ते पाणी पण वर्षाच्या वापरात, म्हणून साठ्याचा आकडा आणि वापराचा आकडा कधी जुळत नाही.

तुम्ही एवढं करा, कॅनॉलचं पाणी ठरवणाऱ्या सल्लागार समितीची मीटिंग झाली की पाटबंधारे ऑफिसला जाऊन आपल्या वितरिकेला, म्हणजे कॅनॉलच्या फाट्याला, किती दिवस, किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) ते लिहून घ्या. ऊस किती लावायचा ते त्यावर ठरवा.

प्रश्न : कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यातून इतके क्युसेक विसर्ग असं पुराच्या वेळी वाचतो, ते टीएमसीत कसं करायचं? – अथणी तालुका

उत्तर : सोपं आहे. 11,574 क्युसेक अख्खा दिवस वाहिलं की 1 टीएमसी. म्हणजे 1 लाख क्युसेक असेल तर दिवसाला साडेआठच्या वर. खाली कृष्णेवरच्याच अलमट्टी धरणात 519.60 मीटर पातळीला 123 टीएमसी मावतं, रिकामं असलं तरी या वेगानं दोन आठवड्यात भरतंय.