कॅज्युअल्टीत पहिल्यांदाच ड्यूटी लागलीय म्हणून सांगते

अगं, ताप नाही म्हणजे सेप्सिस (जंतुसंसर्गामुळं अवयव निकामी होऊ लागणं) नाही असं धरून बसू नकोस. म्हाताऱ्या माणसाचं अंग गारही पडतं. श्वास पूर्ण मिनिटभर मोज. चार्टवर सरसकट २० लिहायची खोड इथं बऱ्याच जणींना आहे, तू लावून घेऊ नकोस. श्वास २२ किंवा जास्त, बोलणं असंबद्ध, वरचं बीपी १०० किंवा कमी, यातलं काही दिसलं की डॉक्टरांना हाक मार.

गगनबावडा-शाहूवाडीसारख्या लांबच्या तालुक्यांतून आलेल्या पेशंटचा निम्मा वेळ वाटेतच गेलेला असतो. म्हणून सेप्सिसच्या प्रोटोकॉलचा कागद ट्रॉलीवर हवा, इन्चार्जच्या कपाटात नको. सलाईनची लाईन लावतानाच लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडतंय का ते दाखवणारी तपासणी) आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) यांसाठी रक्त काढ, मग अँटिबायोटिक. शॉक, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त पुरेना असं असेल, तर तासाच्या आत. कल्चरच्या बाटल्या संपल्या म्हणून डोस अडवायचा नाही. बीपी पडलं असेल तर सलाईन किलोला ३० मिली, म्हणजे ५० किलोच्या माणसाला अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या, पहिल्या ३ तासांत. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असला तर डॉक्टरांना विचारत विचारत. तरी सरासरी रक्तदाब (मॉनिटरवरचा MAP) ६५ वर येईना, तर नॉरअॅड्रेनालिन, म्हणजे बीपी वाढवायचं औषध. त्यासाठी सेंट्रल लाईनची (मानेच्या वगैरे मोठ्या शिरेतल्या नळीची) वाट बघत नाहीत आता.

लघवी दर तासाला मोज. डोसची वेळ घड्याळात बघून तिथल्या तिथं लिही. आणि नातेवाईक औषध आणायला मेडिकलात गेलेत म्हणून थांबू नकोस, पहिला डोस वॉर्डच्या स्टॉकमधून, हिशेब मागाहून.