मुंबईत फ्लॅटमध्ये राहून जुने ट्रॅक्टर आणि इंजिनं चालू करण्याचा छंद जमेल का? सुरुवात कशाने करावी?

तुम्ही लिहिलंय की मामांच्या विहिरीवर एक ऑइल इंजिन कित्येक वर्षं बंद पडून आहे, आणि त्याच गावात एक जुना महिंद्रा बी-२७५ भंगारात निघालाय. जीव ट्रॅक्टरवर जडलाय हे प्रश्न वाचूनच कळतं. तरी सांगतो, इंजिन घ्या आणि ट्रॅक्टर सोडा. ते इंजिनसुद्धा मुंबईला आणू नका. मामांच्या गोठ्यात किंवा पडवीत कोरडी जागा बघून तिथेच ठेवा. मुंबईला आणायचे ते फक्त त्याचे सुटे भाग.

मी भांडुपला राहतो, माझी यंत्रं नारायणगावजवळ मावशीच्या गोठ्यात असतात. कल्याणहून माळशेजमार्गे एसटीने जातो, दोन दिवस हात काळे करतो आणि परत येताना पिशवीत एखादा पंप, नोझल किंवा रॉकर घेऊन येतो. मुंबईत नोकरी करणाऱ्याला हा छंद परवडतो तो असाच. शहरात जागा नाही, पण सुट्या भागांचा बाजार आणि कारागीर इथल्यासारखे दुसरीकडे सहसा सापडत नाहीत. मशीन गावाला आणि तुकडे मुंबईला, एवढी वाटणी केलीत की निम्म्या अडचणी संपतात. सोसायटीचे सेक्रेटरी ही त्यातली सगळ्यात मोठी.

ट्रॅक्टर का नको ते सांगतो. बी-२७५ला मुंबईकराने नावं ठेवू नयेत, तो आपल्या कांदिवलीचा. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि आकुर्ली रोडच्या कारखान्यात हा ट्रॅक्टर बनू लागला. मूळ मॉडेल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातलं. चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर, आणि दणकट इतका की अजूनही कुठेकुठे नांगराला जुंपलेला दिसतो. पण ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा. त्यामुळे साधी क्लचप्लेट बदलायची तरी ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात. त्यासाठी सपाट काँक्रीटची जमीन, दोन्ही भागांखाली भक्कम टेकू आणि वर चेन कप्पी टांगायला तुळई लागते. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर एकेक चाक उतरवणं हाच दिवसभराचा उद्योग. पहिल्याच कामाला हे अंगावर घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे ट्रॅक्टर अजून दोन तुकड्यांत आहेत.

शिवाय कागद. ट्रॅक्टरला आरसी असते. ती मूळ मालकाच्या नावाने सापडली नाही, तर तो चालू होऊनही रस्त्यावर आणता येणार नाही. २०२१ साली ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आला, पण तो दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहे. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. विहिरीवरच्या इंजिनाला यातलं काही लागत नाही. दुसऱ्याकडून घेतलंत तर साधी पावती लिहून घ्या, पुरे.

आता इंजिन. आपल्याकडे विहिरीवर सहसा दोन तऱ्हा सापडतात. एक जुनी, मंद फिरणारी. मोठी दोन चाकं, मिनिटाला ६५० च्या आसपास फेरे, ठक्‌-ठक्‌ असा सावकाश आवाज. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धर्तीवर राजकोटला अशी असंख्य बनली. दुसरी १५०० फेऱ्यांची, आटोपशीर. किर्लोस्करचं एव्ही-१ हे त्यातलं घरोघरचं नाव: ५ हॉर्सपॉवर, एकच सिलिंडर, ८० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ११० स्ट्रोक (पिस्टनची धाव). याचे लायनर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट आजही दुकानात मिळतात, म्हणून नवख्याला हेच बरं. सातारा-सांगलीकडे कूपरही भेटेल. ते सातारच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्याचं, जे १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते. तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. हे विषयाला सोडून झालं, पण कूपर इंजिन दिसलं की मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुमचं इंजिन जाम असणार हे गृहीत धरा. हँडल घालून चार माणसांनी लटकायचं नाही. आधी जाम कुठे आहे ते शोधा. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, उघडून व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर आणि पुशरॉड काढा. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून उघडा राहिला असेल तर तोही पिस्टनला अडवतो. मग डिझेल फवारणारं नोझल काढा. त्या भोकातून निम्मं डिझेल आणि निम्मं एटीएफ, म्हणजे ऑटो गिअरचं पातळ तेल, असं मिश्रण ओतून ठेवा आणि मुंबईला निघून या. हो, खरंच निघून या. पुढच्या खेपेला पुन्हा ओता. हे तेल रिंगांच्या फटीत उतरायला वेळ घेतं आणि सहसा घाई केलेल्यांचेच पिस्टन फुटतात. मग फ्लायव्हीलला लाकडी दांडा लावून थोडं पुढे, थोडं मागे असं डोलवत राहा. सुतभर जरी हललं तरी काम झालं समजा. अजिबात हललं नाही तर हेड काढून पिस्टनवर सागाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे. लोखंडी हातोडा थेट पिस्टनवर कधीच नाही.

एक जागा बहुतेक जण विसरतात, ती पाण्याच्या जॅकेटची, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी फिरायच्या पोकळीची. विहिरीवरची पुष्कळ इंजिनं त्याच पंपाच्या पाण्यावर थंड होतात. आपल्या देशावरच्या विहिरींचं पाणी जड. वर्षानुवर्षं क्षार बसून जॅकेटची वाट बोटभरही उरत नाही. वरून सगळं नवं टाकून आत हे तसंच राहिलं, तर इंजिन अर्ध्या तासात तापतं आणि दोष रिंगांना मिळतो. लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून जॅकेटमध्ये भरून ठेवा, फेस थांबला की काढून टाका, पुन्हा भरा. गाळ तारेने खरवडा. त्याच वेळी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कुठे तडकलंय का तेही दिसेल. तडा असेल तर गावातल्या वेल्डरला साधी कांडी लावू देऊ नका. बिडाला ती मानवत नाही, शेजारीच नवा तडा जातो. निकेलची कांडी, आधी शेकणं आणि नंतर राखेत सावकाश गार होऊ देणं, हे करणारा माणूस शोधा.

आता मुंबईचा भाग, जो मला सगळ्यात आवडतो. बेअरिंग, सील, नटबोल्ट, पॅकिंग यांसाठी नागदेवी स्ट्रीट. तिथे वस्तूचं वर्णन करत बसायचं नाही, आकडा सांगायचा. बेअरिंगवर ६२०५ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा: आतला व्यास २५ मिलिमीटर. ऑइल सीलचे तीन आकडे, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. कॅलिपरने मोजून कागदावर लिहून नेलंत तर दुकानदार आदराने वागतो. ‘त्या इंजिनाला बसतं ना, ते काळं गोल’ म्हणालात तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. चेन कप्पी, शॅकल, वायररोप असा जड माल रे रोडला दारूखान्यात, जो भाग जहाजं तोडण्यासाठी ओळखला जातो. पण सेकंडहँड कप्पीच्या हुकाला तडा नाही ना, हे उजेडात धरून बघा. भाव नंतर करा.

चोरबाजारात शुक्रवारी पहाटे जो जुम्माचा बाजार भरतो, तिथे जुने इंग्लिश पाने मिळतात. ते का हवेत? जुन्या इंग्लिश यंत्रांचे आटे व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचे असतात. आपल्या मिलिमीटरच्या पान्यांनी त्या नटांचे कोपरे गोल होतात. त्यातही अर्ध्या इंचाचा बोल्ट फसवा. व्हिटवर्थला इंचात १२ आटे, अमेरिकन यूएनसीला १३. चुकीचा बोल्ट हाताने दोन-तीन फेरे छान जातो, मग अडतो. तिथे माणूस म्हणतो, गंज असेल, आणि पाना लावतो. बिडातले आटे भुगा होऊन बाहेर येतात. आटे मोजायचं थ्रेड गेज ही चिमुकली वस्तू आहे, पहिल्या दिवशीच विकत घ्या.

डिझेल पंपाला आणि नोझलला घरी हात लावू नका. पंपातलं एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि त्याचा बॅरल, ही जोडी एकमेकांतच घासून बसवलेली असते. एकाचं दुसऱ्याला चालत नाही, आणि पॉलिश पेपर तर त्याच्या जवळही नको. पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे टेस्टिंगला द्या आणि नोझल कसा फवारतो ते उभं राहून बघा, मात्र लांबून. तो फवारा साधारण २०० बार दाबाचा असतो, कातडीतून आत शिरतो आणि हात गमवायची पाळी येऊ शकते. पंप मुंबईला आणताना पूर्ण निथळून, पुसून, प्लास्टिकमध्ये बांधून आणा. एसटीत वास आला की कंडक्टर उतरवतो, आणि रेल्वेत डिझेल नेणं गुन्हाच आहे. हेड किंवा तसा जड भाग असेल तर लोकलचा मालडबा. तिथल्या कोळणी आधी टोपल्या सरकवून जागा देतात आणि मग विचारतात, हे काय आणलंस रे बाबा.

लेथच्या कामाला साकीनाक्याचे गाळे आहेतच. पण मंद फिरणारं जुनं इंजिन असेल आणि व्हाइट मेटलचं, म्हणजे मऊ पांढऱ्या धातूचं, बेअरिंग बसवायचं असेल, तर गिरणगावातला एखादा म्हातारा फिटर गाठा. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, हात राहिले. लालबागच्या अशाच एका काकांनी मला दाखवलं: क्रँकला निळा रंग अगदी पातळ फासायचा, बेअरिंग बसवून एक फेरा द्यायचा, उघडायचं. जिथे निळं उठलं ती उंच जागा. तेवढीच स्क्रेपरने खरवडायची. पुन्हा निळा, पुन्हा फेरा. निळे ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत हे चालतं. काका या कामात एक शब्द बोलत नाहीत, आणि मी बोललो तर स्क्रेपर खाली ठेवून माझ्याकडे बघतात.

फ्लॅटमध्ये काय करता येतं? व्हॉल्व्हला पेस्ट लावून सीटवर घासणं, गॅस्केट कापणं, छोटे भाग रंगवणं, मॅन्युअल वाचणं. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून घासा. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून गंज काढायची युक्ती तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. चांगली आहे, पण गावाला, उघड्यावर करा, कारण त्यात हायड्रोजन निघतो. आणि चार्जरच्या प्लस टोकाला लावून पाण्यात सोडायची पट्टी साध्या लोखंडाची घ्या. स्टेनलेस घेतलीत तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

रंगाबद्दल माझं मत कडक आहे. इंजिन चालू होण्याआधी त्याला चकचकीत रंग मारणं म्हणजे मेलेल्या घोड्यावर नवरदेव बसवणं. आधी ते सुरू करा. पहिल्यांदा सुरू करताना हवा येण्याच्या तोंडाशी एक सपाट फळी घेऊन कुणाला तरी उभं करा. फेरे आवरणारा गव्हर्नर अडकला तर डिझेल इंजिन बेफाम पळतं, आणि डिझेल तोडूनही लगेच थांबेलच असं नाही. तोंडावर फळी दाबली की हवा बंद आणि इंजिन बंद. शर्ट खोचलेला, गळ्यात पंचा-उपरणं नाही. डिझेलच्या लाइनमधली हवा काढा, सिलिंडरचा दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा खटका उचला, हँडल फिरवा आणि कान नोझलकडे ठेवा. प्रत्येक दोन फेऱ्यांना एक ‘कर्र’ ऐकू आली पाहिजे. ती येत नसेल तर कितीही हँडल मारा, दंडच भरून येतील.

खर्चाचं विचारलंत. मामा पैसे घेणार नाहीत, पण दुसरीकडून घेताना भंगाराच्या भावाने वजनावर बोला. दोन भंगारवाल्यांना त्या दिवशीचा बिडाचा भाव आधी विचारून ठेवा. यंत्र स्वस्त पडतं, पैसे जातात पंप, लेथ आणि प्रवासात. विकून नफा होईल ही आशा ठेवू नका.

पुढच्या खेपेला सगळ्यात आधी इंजिनावरची पाटी शोधा. ग्रीस आणि रंगाखाली दडलेली असेल. रॉकेलच्या बोळ्याने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, नाहीतर ठोकलेले आकडे जातील. मॉडेल, नंबर, फेरे याचा फोटो काढा आणि नागदेवीला जाताना तो फोनमध्ये असू द्या. एव्ही-१ निघालं तर हेड गॅस्केट आणि रिंगांचा सेट मोजमाप न देताही मिळून जाईल.