गूगल ग्रुप्समध्ये न्यूजग्रुपच्या नव्या पोस्ट येत नाहीत. न्यूजग्रुप बंद पडले का? नसतील तर कुठे वाचायचे?

बंद पडलेले नाहीत. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने यूजनेटच्या, म्हणजे न्यूजग्रुप या विषयवार चर्चागटांच्या जाळ्याच्या, नव्या पोस्ट घेणं आणि दाखवणं थांबवलं, एवढंच. जुनं सगळं तिथे अजून शोधता येतं, पण त्या तारखेनंतरचं काही दिसत नाही. त्यामुळे चालता-बोलता ग्रुपही तिथे मेल्यासारखा वाटतो.

घोटाळा होतो तो न्यूजग्रुपला वेबसाइट समजल्यामुळे. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली, म्हणजे वेबच्या कितीतरी आधी. यात मुख्य सर्व्हर असा नसतोच. तुम्ही एका सर्व्हरवर पोस्ट टाकता, तो शेजारच्या सर्व्हरांना देतो, ते पुढच्यांना. गूगल हा त्यातला एक दरवाजा होता, तो बंद झाला. खरं सांगायचं तर त्या दरवाजातून शेवटी शेवटी इतका स्पॅम येत होता की तो बंद झाल्यावर बऱ्याच जणांना हायसं वाटलं. मलाही.

आता तुम्हाला दोन गोष्टी लागतील: एक सर्व्हर आणि एक न्यूजरीडर, म्हणजे पोस्ट वाचायचा-लिहायचा प्रोग्राम. सर्व्हरसाठी मी 'इटर्नल सप्टेंबर' वापरतो. फुकट आहे, नोंदणी करावी लागते आणि तिथे फक्त मजकुराचे ग्रुप मिळतात. चर्चा वाचायला तेवढं पुरतं. पैसे घेणारे सर्व्हर मुख्यतः फायली उतरवणाऱ्यांसाठी असतात. (नावामागची गंमत: दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, रीतभात कळेपर्यंत गोंधळ घालायचे. १९९३ नंतर नव्या लोकांचा लोंढा थांबलाच नाही, म्हणून तो 'कायमचा सप्टेंबर'.)

न्यूजरीडर म्हणून थंडरबर्ड घ्या. ईमेलसाठी आधीच वापरत असाल तर उत्तमच. अकाउंट सेटिंग्जमध्ये न्यूजग्रुप अकाउंट जोडा, सर्व्हरचं नाव भरा, सुरक्षित जोडणी निवडा, पोर्ट ५६३. आणि सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'जोडताना नेहमी ओळख विचारा' अशा अर्थाचा एक चौकोन आहे, त्यावर टिक करायला विसरू नका. मी विसरलो होतो. ग्रुपांची यादी नीट येईना, आणि अख्खी संध्याकाळ मी पासवर्डच बदलत बसलो.

मग अकाउंटवर राइट-क्लिक करून 'सबस्क्राइब' उघडा. यादी हजारोंची आहे, वरून खाली वाचत बसू नका. नाव डावीकडून वाचायचं: 'कॉम्प' म्हणजे संगणक, 'साय' विज्ञान, 'रेक' छंद, 'सोक' समाज, 'आल्ट'मध्ये काहीही. हवा तो शब्द वर टाकून शोधा. बरेच ग्रुप ओसाड आहेत, तेव्हा सबस्क्राइब केल्यावर आधी शेवटच्या पोस्टची तारीख बघा. पहिल्यांदा उघडताना सगळी हेडर्स (पोस्टचे विषय, नाव, तारीख) उतरवायची की ५००, असं विचारलं तर ५०० म्हणा.

वाचताना 'थ्रेडेड' मांडणी ठेवा, म्हणजे कोण कोणाला उत्तर देतोय ते धाग्यात दिसतं. एखादा माणूस सतत भांडत असेल तर त्याच्या नावाचा फिल्टर लावून मोकळे व्हा. नियंत्रक बहुतेक ग्रुपांत नसतोच, त्यामुळे ग्रुपात तक्रार करायला कोणी नाही.

लिहायचं असेल तर खरा ईमेल पत्ता देऊ नका, शेवटी 'डॉट इनव्हॅलिड' असलेला पत्ता चालतो. साधा मजकूर पाठवा, आणि उत्तर ज्या ओळीला देताय तिच्या खाली लिहा; वर लिहिलेलं जुन्या लोकांना अजिबात खपत नाही. एकदा पसरलेली पोस्ट सगळीकडून पुसता येत नाही, म्हणून पहिला प्रयोग 'आल्ट डॉट टेस्ट'वर करा. तो ग्रुप त्यासाठीच आहे.